मोठ्या क्षेत्रातली मातीची धूप नकाशावरून काढणे: माण खोऱ्याचा नकाशा आणि एक प्रश्न

माणकाठ

नमस्कार मंडळी,

माण नदीच्या खोऱ्याचा धूप-नकाशा करतोय. वर दहिवडी-म्हसवडचे डोंगर, मग आटपाडी, सांगोला, आणि खाली भीमेला मिळेपर्यंतचा मंगळवेढ्याचा काळा पट्टा. आमची छोटी संस्था पाणलोटाची कामं करते. पुढच्या हंगामात समतल चर, दगडी बांध आणि ओघळ-नियंत्रणाची कामं कुठल्या ओढ्यांवर आधी घ्यायची, हे ठरवायला नकाशा हवा आहे.

पद्धत नेहमीचीच, आरयूएसएलई, म्हणजे मातीच्या धुपीचं सुधारित सार्वत्रिक समीकरण. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पाच आकडे एकमेकांनी गुणायचे: पावसाचा मारा (आर), माती किती सहज सुटते (के), उताराची लांबी आणि चढ मिळून (एलएस), जमिनीवरचं आच्छादन (सी) आणि बांधबंदिस्ती (पी). उत्तर येतं दर हेक्टरी दर वर्षी किती टन माती सुटते. विश्मायर आणि स्मिथ यांनी अमेरिकेतल्या प्रयोगशेतांच्या नोंदींवरून हे समीकरण बसवलं. १९६५ आणि १९७८ साली त्यांच्या पुस्तिका आल्या, १९९७ साली सुधारित रूप आलं. हेच गणित उपग्रहाच्या चित्रातल्या प्रत्येक चौकटीसाठी केलं की अख्ख्या खोऱ्याचा नकाशा तयार होतो.

माझी सामग्री अशी. पाऊस हवामान खात्याच्या पाव अंशाच्या जाळीतून. उंची एसआरटीएमची, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेली, ३० मीटरच्या चौकटीची. माती नागपूरच्या मृद सर्वेक्षण संस्थेच्या नकाशावरून. आच्छादन सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या नोव्हेंबरमधल्या चित्रांवरून, कारण तेव्हा आभाळ स्वच्छ असतं. पी सगळीकडे १ धरला आहे, म्हणजे बांध नाहीतच असं समजून.

नकाशात वरचे डोंगरउतार लाल आले आणि मंगळवेढ्याकडचा सपाट भाग हिरवागार. तो तिकडच्या एका गावात दाखवला तर लोक सरळ म्हणाले, "आमची माती दरसाल जाती आन् तुमचा नकाशा म्हनतो काय बी न्हाई." आता प्रश्न असा, की अशा नकाशावर कितपत विसंबावं? पैसे थोडे आहेत, चुकीच्या ओढ्यावर गेले तर परत मिळणार नाहीत.

चहाबिस्किट

रुमाल टाकून ठेवतो. लाल पट्ट्यात आमचं आजोळ आलंय. मामाला नकाशा पाठवला तर म्हणाला, "जमिनीचा भाव पाडायला कुणी काढलाय हा?"

नवखी

छान विषय. एक शंका. उपग्रहाला आच्छादन कळतं कसं? तो काय पिकं ओळखतो का?

बिंदूरेषा

@नवखी, पीक ओळखायची गरज नसते. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन पट्ट्यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय मिळतो. उघड्या जमिनीवर तो शून्याच्या थोडा वर असतो, भरगच्च पिकावर ०.८ च्या आसपास जातो. मग एका घातांकी सूत्राने त्याचा सी काढतात. ते सूत्र २००० साली युरोपसाठी मांडलं गेलं. आपल्याकडे ते सगळे तसंच उचलतात आणि माझी पहिली तक्रार तिथेच आहे. सविस्तर रात्री लिहिते.

शाळूहुरडा

मी मंगळवेढ्याकडचा, घरची शेती. माणकाठ दादा, तुम्ही नोव्हेंबरचं चित्र घेतलंत तिथेच घोटाळा आहे. नोव्हेंबरात आमच्या रानात शाळू गुडघ्याच्या वर आलेला असतो, उपग्रहाला सगळं हिरवंच दिसणार. पण पाऊस त्या वेळी संपलेला असतो!

आमच्याकडे खरिपाला काळं रान मोकळं ठेवतात. मृगापासून कुळवाच्या पाळ्या चालू. तण मरावं, भेगा बुजाव्यात, पडेल तो थेंब मुरावा म्हणून. श्रावण-भाद्रपदात रान असं भुसभुशीत असतं की पाय घोट्यापर्यंत जातो. वर गवताची काडी नसते. आणि आमचा खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा. ढग फुटल्यासारखा तासाभरात पडतो आणि बंद होतो. त्या एका तासात रानाच्या खालच्या कोपऱ्यातून जो लोंढा निघतो तो पाणी नसतो, पातळ चिखल असतो. पेरणी त्यानंतर.

म्हणजे माती जायच्या दिवसात रान उघडं आणि तुमच्या फोटोच्या दिवसात झाकलेलं. गावकरी खोटं बोलत नाहीत.

माणकाठ

@शाळूहुरडा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. पण पावसाळ्यातली सेंटिनेल-२ ची चित्रं उघडली तर निम्म्याहून जास्त चौकटींवर ढग. त्याला उपाय काय?

गाळवाला

मी मृदसंधारणात नोकरी केली, आता निवृत्त. उपग्रहातलं मला कळत नाही, जमिनीवरचं सांगतो.

पी सगळीकडे १ धरणं या भागात फार जड जाईल. सोलापूर आणि आसपासचे जिल्हे म्हणजे समतल बांधांचं माहेरघर. मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा १९४२ चा, तेव्हापासून इथे बांध घालतायत. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर अजून घातले. त्यातले अर्धे आज फुटलेत, काही नांगरून शेतात घेतलेत. पण काही ताली, म्हणजे उताराला आडवे घातलेले मोठे बांध, अशा आहेत की वरच्या अंगाला पुरुषभर माती धरून बसल्यात. तुमच्या ३० मीटरच्या चौकटीत अशी ताल दिसणारच नाही. त्यामुळे जिथे ताल शाबूत आहे तिथे तुम्ही धूप जास्त दाखवणार. आणि ती फुटून खाली ओघळ पडली तर त्या ओघळीचा हिशेबच तुमच्या सूत्रात नाही.

तेव्हा गावात जाऊन बांध बघा. शाबूत, फुटका, नाहीसा. तीनच वर्ग केले तरी पुष्कळ.

सह्यवारा

+१ गाळवाला काका. आमच्या कोकणात हाच प्रकार उलट्या टोकाला जातो. डोंगराच्या अंगाला भातखाचरं असतात, पायऱ्यापायऱ्यांची, प्रत्येक पायरीला मेर, म्हणजे छोटा बांध. उंचीच्या नकाशात मात्र एकसलग तीव्र उतार. वर पाऊस तीन-साडेतीन हजार मिलीमीटर. गुणाकार केला की भातशेतीतून डोंगरच्या डोंगर वाहून चाललाय असं दिसतं. प्रत्यक्षात खाचरातलं पाणी पुष्कळदा नितळ असतं, कारण ते मेरेमागे थांबून पुढे सरकतं.

आणि जिथून खरंच डोंगर वाहून गेला तो भाग हे सूत्र धरतच नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली. माळीण ३० जुलै २०१४ चं. ती दरड आहे, धूप नव्हे, तिचं शास्त्र वेगळं, हे मान्य. पण लोक धुपीच्या नकाशातला हिरवा रंग बघून "इथे धोका नाही" असं समजतात, आणि याची मला मनापासून भीती वाटते. नकाशाच्या कोपऱ्यात "दरडींसाठी वापरू नये" असं मोठ्या अक्षरात लिहाच.

चहाबिस्किट

अवांतर: मामाचं म्हणणं आहे की त्याच्या बांधावरची माती पावसाने कमी आणि शेजाऱ्याने जास्त खाल्ली आहे. बांधकोऱ्या शेजाऱ्यासाठी सूत्रात कुठलं अक्षर?

गाळवाला

@चहाबिस्किट, त्याला तलाठी लागतो.

बिंदूरेषा

आता सविस्तर. मी पुण्यात याच क्षेत्रात काम करते, असे नकाशे बरेच तपासलेत.

सी वर्षाचा एकच आकडा नसतोच. मूळ पद्धतीत पिकाच्या प्रत्येक अवस्थेतलं आच्छादन घ्यायचं, त्या काळात वर्षातल्या एकूण पावसाच्या माऱ्यापैकी किती हिस्सा पडतो ते घ्यायचं, आणि दोन्हींचा गुणाकार करून बेरीज करायची. एका चित्रावरून सी काढणं ही नंतर आलेली पळवाट आहे. शाळूहुरडांच्या रानाचं उदाहरण घेऊ. समजा उघड्या रानाचा सी ०.९ आणि उभ्या शाळूचा ०.३. समजा माऱ्यातला ७० टक्के भाग रान उघडं असताना पडतो. तर खरा सी झाला ०.७ गुणिले ०.९ अधिक ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ०.७२. नोव्हेंबरच्या चित्रातून मिळाला ०.३. एवढ्यानेच उत्तर अडीचपट कमी येतं, बाकी सगळं अचूक असलं तरी.

ढगांवर उपाय आहेत. सेंटिनेल-१ रडारचा उपग्रह आहे, ढगांतून आरपार बघतो. रान उघडं की पिकाचं, हे त्याच्या मालिकेतून बऱ्यापैकी कळतं. दुसरा उपाय साधा: गावोगावचं पीक-वेळापत्रक विचारून घ्या आणि खरीप पडीक, खरीप पिकाचं, ऊस, फळबाग, माळ असे वर्ग करून प्रत्येकाला महिनावार सी द्या. ऑक्टोबर ते जानेवारीची चित्रं वर्ग ओळखायला वापरा, सी काढायला नको.

एनडीव्हीआय अजून दोन ठिकाणी फसवतो. एक म्हणजे कुसळी गवताचा माळ. वाळलं की उपग्रहाला उघडा दिसतो, पण गवताचे गड्डे माती धरून असतात. दुसरी वेडी बाभूळ. बारमाही हिरवी, एनडीव्हीआय छान, आणि खाली वाकून बघितलं तर जमीन झाडून काढल्यासारखी, ओघळी बाभळीच्या मुळाशी. नदीकाठाला आणि पडीक गायरानात हे हमखास.

आता आर. आपल्याकडे वार्षिक पावसावरून आर काढायचं सूत्र चालतं: ७९ अधिक ०.३६३ गुणिले वार्षिक पाऊस. ५०० मिलीमीटरला २६० येतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार धरा, दोन हजारांच्या वर जातो. सरासरीला ठीक. पण माती उडवतो तो अर्ध्या तासातला जोर, वर्षाची बेरीज नव्हे. माणदेशात वर्षाचा निम्मा पाऊस मोजक्या सरींत येऊ शकतो. पाव अंशाच्या जाळीची एक चौकट म्हणजे साधारण २७ किलोमीटर, तिच्यात अशी सर विरघळून जाते. महसूल मंडळांत आता स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, त्यांच्या तुटक नोंदी मिळाल्या तरी आर सुधारतो.

आणि एककं तपासा, हे कळकळीने सांगते. के अमेरिकी जुन्या एककात आणि आर मेगाज्यूलच्या एककात धरला तर उत्तर साडेसातपट फुगतं, कारण के बदलायचा गुणक ०.१३१७ आहे. मी तपासलेल्या नकाशांत हा घोळ अनेकदा सापडला. आरचं सूत्रही मूळ लेखात कुठल्या एककात दिलंय ते बघूनच घ्या.

माणकाठ

@बिंदूरेषा ताई, मनापासून आभार. के मी ०.०२ ते ०.०४ च्या दरम्यान घेतला आहे, मेगाज्यूलच्याच एककात. आरचं मूळ एकक आज पुन्हा तपासतो.

संत्रानगरी

नागपूरहून. मातीच्या नकाशाबद्दल एक. राज्याचा मृदा नकाशा १:२,५०,००० च्या प्रमाणाचा आहे. त्यावर १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर. अख्खं गाव दोन-तीन सेंटीमीटरमध्ये बसतं. त्यात एकाच तुकड्याला एक के. प्रत्यक्षात त्याच गावात टेकडीवर मुरूम, मध्ये भरड, ओढ्याकाठी काळी. सेंटिनेल-२ चं १० मीटरचं आच्छादन आणि अडीच लाखाची माती एकत्र गुणली तर उत्तर १० मीटरचं होत नाही. रंग तेवढे बारीक दिसतात.

काळ्या मातीचं अजून एक आहे बरं का. चिकण मातीचा के तक्त्यात कमी येतो, कारण कण एकमेकांना धरून असतात. पण ती फुगली की वरून पाणी जिरत नाही, सगळं वाहतं. आमच्याकडे सोयाबीनच्या रानात सरळ उतारानं पेरलं की दोन ओळींमध्ये नाली पडते. रुंद वरंबा सरी केली अन् उताराला आडवी, की तीच माती थांबते. म्हणजे के आणि पी सुटे सुटे बघून भागत नाही.

नवखी

मग या नकाशातले टन खरे किती, हे कुणी कसं ताडून बघतं? सगळं गणितच असेल तर...

गाळवाला

@नवखी, पोरी, पाझर तलाव आहेत ना!

१९७२ नंतर या भागात गावोगाव पाझर तलाव झाले. प्रत्येक तलाव हे मातीचं मोजमाप आहे, फक्त कुणी वाचत नाही. हिशेब असा. समजा पाणलोट २०० हेक्टर. तलाव होऊन ५० वर्षं झाली. तळात गाळ भरला ३०,००० घनमीटर. एका घनमीटर वाळलेल्या गाळाचं वजन सव्वा टनाच्या आतबाहेर, १.२ धरू. झाला ३६,००० टन. भागिले २०० हेक्टर, भागिले ५० वर्षं. उत्तर दर हेक्टरी वर्षाला ३.६ टन.

आता हे तलावापर्यंत पोचलेल्या मातीचं. सांडव्यावरून गेलेली वेगळी आणि वाटेत बांधाला, ओढ्याच्या वळणात, खालच्या रानात थांबलेली वेगळी. तुमच्या सूत्राने त्याच पाणलोटात १२ टन दाखवलं तर लगेच सूत्र खोटं ठरत नाही. पण तुम्ही ६० दाखवलंत तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय.

संत्रानगरी

गाळवाला साहेबांच्या मुद्द्याला देशाचा जुना आकडा जोडतो. ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली अंदाज मांडला होता: देशात वर्षाला ५३३ कोटी ४० लाख टन माती सुटते, सरासरी हेक्टरी १६.३५ टन. त्यातली २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली ६१ टक्के इथून तिथे सरकते. म्हणजे सुटलेल्या मातीतली निम्म्याहून जास्त कुणाच्या तरी दुसऱ्याच्या रानात पडते. आरयूएसएलई सुटलेली माती सांगते, ती कुठे जाऊन बसली ते सांगत नाही. नकाशावर "वाहून गेलेली माती" असं शीर्षक लिहिलेलं मी पाहतो तेव्हा जीव कळवळतो.

शाळूहुरडा

बरोबर. वरच्या अंगाची माती येऊन आमचं रान काळं झालं असंही म्हातारे सांगतात. फक्त आता येणारी माती गोटे-वाळू घेऊन येते.

आयोवाकर

मी मूळचा सांगोल्याचा, सध्या अमेरिकेत आयोवा राज्यात. इथे आयोवा राज्य विद्यापीठ रोजच्या रोज धुपीचा अंदाज काढतं. रडारवरून पाऊस, विमानातून लेझरने मोजलेली उंची, शेतनिहाय पीक आणि मशागत, आणि छोट्या छोट्या पाणलोटांचा नकाशा. त्यांनी विश्मायरचं सूत्र सोडून डब्ल्यूईपीपी हे वेगळं प्रारूप घेतलंय, त्यात पाणी मुरणं, वाहणं आणि माती पुन्हा बसणं हेही मोजतात. तरीसुद्धा शेतात दर पावसाला पडणाऱ्या आणि ट्रॅक्टरने बुजवल्या जाणाऱ्या ओघळी त्या आकड्यात पूर्ण येत नाहीत. एवढी सामग्री असून ही अडचण, तर ३० मीटरच्या उंचीवर माण खोऱ्यात टनांचा आग्रह धरू नये असं माझं मत.

पण एक गोष्ट इथून घेण्यासारखी. ते शेतकऱ्याचं एकेक शेत दाखवत नाहीत, पाणलोटाची सरासरी दाखवतात. त्यामुळे "माझ्या शेताला का बदनाम करता" हे भांडण होत नाही आणि आकड्याची ताकद असते तेवढंच ओझं त्याच्यावर पडतं.

चहाबिस्किट

मामासाठी हा मुद्दा कॉपी करून घेतला.

सह्यवारा

आयोवाकरांशी थोडा असहमत. सरासरीत सगळं झाकलंही जातं. आमच्याकडे एका पाणलोटात ९० टक्के रान गच्च झाडीचं आणि एका कोपऱ्यात काजूसाठी जेसीबीने उघडा केलेला उतार. सरासरी काढली तर पाणलोट निरोगी. ओढा मात्र त्या एका कोपऱ्यामुळे जूनमध्ये लाल वाहतो. सरासरीबरोबर सगळ्यात वाईट जागाही दाखवायला हव्यात.

आयोवाकर

@सह्यवारा, मान्य. सरासरी आणि तिच्याशेजारी वाईट दहा टक्के क्षेत्र, असे दोन रकाने ठेवता येतील.

बिंदूरेषा

दोघांचंही धरून चालता येतं. आणखी एक गोष्ट राहिली होती, एलएस. सूत्रातला प्रमाण तुकडा २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा आहे. संगणकावर वरून येणाऱ्या सगळ्या पाण्याची बेरीज उताराच्या लांबीत घातली की ओढ्याच्या पात्रात आकडे शेकड्यांनी वाढतात. नकाशातून पात्रं आधी कापून टाका आणि उताराच्या लांबीला मर्यादा घाला. लाल रेषा ओढ्यांच्या जाळ्यासारख्या दिसत असतील तर तो धुपीचा नकाशा नाही, ओढ्यांचा आहे. माणकाठ, तुमच्या नकाशात तसं आहे का?

@नवखी, ताडून बघायची अजून एक वाट आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे सिझियम-१३७ जगभर पावसाबरोबर मातीत बसलं, सर्वांत जास्त १९६३ च्या सुमारास. जिथे ते आजूबाजूच्या न हललेल्या जागेपेक्षा कमी सापडतं तिथून माती गेली, जिथे जास्त सापडतं तिथे येऊन बसली. खर्चिक आहे, पण थांबलेली मातीही त्यात दिसते.

मोठ्या धरणांचा गाळही उपग्रहावरून काढतात. पाणी उतरत जाताना वेगवेगळ्या पातळ्यांवर किती क्षेत्र बुडालंय ते मोजायचं आणि बांधताना केलेल्या तक्त्याशी ताडायचं. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था हे काम करते. पाझर तलाव मात्र इतके छोटे की तिथे खड्डेच घ्यावे लागतील.

नवखी

हे वाचून डोकं गरगरलं पण मजा आली. वाचनखूण साठवली.

माणकाठ

@बिंदूरेषा ताई, ओढ्याच्या रेषा काही ठिकाणी लाल आहेत. पात्रं कापून नव्याने चालवतो.

इतकं वाचल्यावर माझा मूळ प्रश्न थोडा बदलला. एक मिलीमीटर माती म्हणजे हेक्टरी १० घनमीटर, साधारण १३ टन. आमच्या नकाशात दोन ओढ्यांत ८ आणि १२ टन असा फरक आला, तर तो तीन दशांश मिलीमीटरचा झाला. एवढ्या फरकावर एका गावाला काम द्यायचं आणि दुसऱ्याला नाकारायचं, हे मला पटत नाहीये. तुम्ही लोक कुठे रेघ मारता?

गाळवाला

आम्ही आकड्यावर रेघ मारत नव्हतो. वरून खाली, माथा ते पायथा, हा क्रम ठेवायचो. माथ्यावरची कामं आधी, नाहीतर खालचा बंधारा दोन पावसांत गाळाने भरतो. तुमचा नकाशा मला हे सांगू शकला पाहिजे की कुठला माथा आधी. आणि जिथे दोन ओढे जवळपास सारखे येतील, तिथे ज्या गावाचे लोक बांधाची देखभाल करतील ते गाव घ्या. समतल चर खोदून तिकडे फिरकायचंच नाही, असं मी फार बघितलंय. तीन वर्षांत चर भरतो आणि त्याच्याच कडेने नवी ओघळ पडते.

संत्रानगरी

@माणकाठ, नकाशात धुपीचे पाच वर्ग करता ना? आर, के, सी थोडे थोडे वरखाली करून नकाशा पुन्हा पुन्हा चालवा. जो ओढा दर वेळी वरच्या वर्गात येतो तो पक्का. जो कधी वर, कधी खाली, त्याच्यासाठी जमिनीवर जा. हेक्टरी टन सांगण्यापेक्षा "दहापैकी नऊ वेळा वरच्या वर्गात" हे ग्रामसभेलाही कळतं.

शाळूहुरडा

आणि काळ्या रानाला चर खोदून उपयोग नाही दादा, भेगा पडून बांधच फुटतो. आमच्याकडे बंदिस्त वाफे चालतात. खरिपात पाळी घातली की सारायंत्राने चौकोनी वाफे पाडायचे, पाणी जागेवर थांबतं. सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र कधीपासून सांगतंय. खर्च कमी, फक्त पावसाआधी उरकायला पाहिजे. तेव्हा तुमच्या नकाशात आमचा पट्टा लाल झाला तरी लगेच जेसीबी आणू नका.

सह्यवारा

हे मस्त. नकाशाचा रंग आणि उपाय यांची जोडी मातीप्रमाणे बदलायला हवी.

माणकाठ

सगळ्यांचे आभार. असं ठरवतोय. सी महिनावार करतो, खरीप पडीक हा वेगळा वर्ग. बांधांची तीन वर्गांत पाहणी करून पी बसवतो, सगळ्या खोऱ्यात जमणार नाही पण निवडलेल्या ओढ्यांत नक्की. नकाशा पाणलोटाच्या सरासरीने आणि शेजारी वाईट दहा टक्के क्षेत्र. टनांऐवजी किती वेळा वरच्या वर्गात आला ते लिहायचं. डोंगराच्या बाजूला एक आणि काळ्या पट्ट्यात एक, असे दोन पाझर तलाव निवडून गाळ मोजायचा. त्या मंगळवेढ्याच्या गावात नवा नकाशा घेऊन पुन्हा जाणार आहे.

गाळवाला काका, गाळाची जाडी मोजायला खड्डे कसे घ्यायचे? आणि मूळ तळ कुठे लागला हे ओळखायचं कसं?

गाळवाला

तलावाच्या तळात आडव्या तीन-चार ओळी आखायच्या, भिंतीजवळ जवळजवळ आणि वरच्या अंगाला लांब लांब. प्रत्येक ओळीत चार-पाच खड्डे. गाळ मऊ, एकसारख्या रंगाचा, थर थर असलेला. मूळ तळ लागला की कुदळ खणकन वाजते. मुरूम असतो किंवा जुनी मुळं, गवताची काळी रेघ दिसते. प्रत्येक खड्ड्यातली खोली लिहायची, त्या खड्ड्याच्या वाट्याला येणाऱ्या तळाच्या क्षेत्रफळाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. वजनासाठी ठरावीक मापाच्या पत्र्याच्या डब्याने गाळ काढून वाळवून तोलायचा, माझा सव्वा टन डोळे मिटून घेऊ नका. आणि त्या तलावातून आधी किती गाळ काढून नेलाय हे गावात विचारा. गाळमुक्त धरणाच्या योजनेत २०१७ नंतर पुष्कळ तलाव उपसलेत. ती बेरीज धरली नाही तर धूप कमी दिसेल.

शाळूहुरडा

मे महिन्यात या, तळं कोरडं असतं. पण सुरुवातीलाच या. गाळ न्यायला ट्रॅक्टरही त्याच महिन्यात लागतात. आमच्या तळ्यावर खड्डे घ्यायला माणसं मी देतो.